बसऱ्याचे कार्ड



आजचे लिखाण म्हणजे एका चुकीची कबुली आहे. चूक माझीच आहे आणि ती मी भर सभेत, माइकवरून केली होती. म्हणून दुरुस्तीही चारचौघांत झाली पाहिजे.

माझ्या जवळच्या मंडळींना माझा एक नाद ठाऊक आहे. फौजेत गेलेल्या आपल्या माणसांनी घरी पाठविलेली पोस्टकार्डे मी गोळा करतो. ऑफिसातले सहकारी मला गमतीने रद्दीवाले साहेब म्हणतात. घरात सौभाग्यवती म्हणते, "लोक सोने जमवतात, तुम्ही पिवळे कागद जमवा." या नादाची सुरुवात शिष्यवृत्तीच्या फॉर्मांपासून झाली. मुलांचे दाखले पाहायला वस्तीत घरोघर जायचो. एका घरी दाखला शोधताना पेटीच्या तळातून पाच-सहा कार्डे निघाली. घरच्या बाईने ती चुलीकडे सरकवली. म्हणाली, "हे कायले ठेवता, कोनाले वाचता येत नाई." मी ती मागून घेतली. तेव्हापासून आजपर्यंत फायलीत चाळीसच्या वर कार्डे जमली आहेत. निम्म्यांच्या झेरॉक्स प्रती आहेत, कारण मूळ कार्ड त्या घरचे असते, ते घरीच राहिले पाहिजे.

लष्करी कार्डाची एक अडचण असते. साध्या कार्डावरच्या पोस्टाच्या शिक्क्यात गावाचे नाव असते. रामटेकचा शिक्का म्हटला की कार्ड रामटेकहून निघाले हे कळते. लढाईवरच्या कार्डावर मात्र गावच नसते. शिक्क्यात इंग्रजी एफ.पी.ओ. ही तीन अक्षरे आणि एक आकडा असतो. एफ.पी.ओ. म्हणजे फील्ड पोस्ट ऑफिस, फौजेबरोबर फिरणारे टपाल कार्यालय. शत्रूच्या हाती कार्ड पडले तरी आपली फौज कुठे आहे हे त्याला कळू नये, म्हणून ही योजना. फौज हलली की ऑफिस हलते, आकडा मात्र तोच राहतो. त्यामुळे एकच आकडा आज वाळवंटात तर वर्षभराने ब्रह्मदेशाच्या वाटेवरही असू शकतो. नुसत्या आकड्यावरून ठिकाण सांगता येत नाही. आकडा आणि तारीख दोन्ही लागतात. मग ज्यांनी अशा याद्या तयार केल्या, त्यांच्याकडे विचारावे लागते. ब्रिगेडियर डी. एस. विर्क यांच्यासारख्या लष्करी टपालात नोकरी केलेल्या अधिकाऱ्यांनी यावर मोठे काम करून ठेवले आहे.

आपल्या रामटेककरांना आणखी एक गोष्ट सांगतो. आपण आगगाडीने नागपूरला जातो तेव्हा वाटेत कामठी लागते. त्याच कामठीत भारतीय लष्कराच्या टपाल खात्याचे, म्हणजे आर्मी पोस्टल सर्व्हिसचे, केंद्र आहे. १ मार्च १९७२ रोजी या खात्याला स्वतंत्र दलाचा दर्जा मिळाला. सीमेवरच्या जवानाची पत्रे पोचविणारी माणसे आपल्या शेजारी तयार होतात आणि आपल्या घरच्या पेटीतली तीच पत्रे आपण चुलीत घालतो.

आता चुकीकडे येतो. तालुक्यातल्या एका गावी आमच्या ओळखीचे एक कुटुंब आहे. घरात म्हातारी आई आहे, वय नव्वदीच्या घरात. साऱ्या गावची ती मावशी. तिच्या वडिलांचा गणवेशातला फोटो आणि त्याखाली एक पोस्टकार्ड, असे दोन्ही एकाच फ्रेममध्ये भिंतीवर लावलेले आहे. मावशीचा मुलगा सांगे, "आमचा आजा बसऱ्याच्या लढाईत होता, पहिल्या महायुद्धात." तीनेक वर्षांपूर्वी १ जानेवारीला विहारात कोरेगावच्या शूरांना मानवंदनेचा कार्यक्रम होता. तालुक्यातल्या जुन्या सैनिकांच्या नावांचा फलक करायचे ठरले. नावे मीच लिहून दिली. या आजोबांच्या नावापुढे लिहिले, 'पहिले महायुद्ध, बसरा, १९१४ ते १९१८', आणि माइकवरून वाचूनही दाखविले. टाळ्या पडल्या.

गेल्या उन्हाळ्यात मावशीकडे गेलो असता सहज विचारले, "मावशी, बाप लढाईवर गेला तवा तू केवढी होतीस?" ती म्हणाली, "असन सात-आठ वर्साची. मी लय रडली होती, थे मले आठोते."

वाचकहो, मी बी.कॉम. आहे. वीस वर्षे आकडेमोड करून पगार घेतो. पण ही साधी वजाबाकी मला तीन वर्षे सुचली नाही. पहिले महायुद्ध १९१८ साली संपले. त्या वेळी सात-आठ वर्षांची असलेली मुलगी आज एकशे दहाच्या पुढे गेली असती!

मग बसरा आले कुठून? इथे घरच्यांचा दोष नाही. बसऱ्याला आपल्याकडची फौज दोनदा गेली. १९१४ च्या नोव्हेंबरात इंग्रजांच्या हिंदी फौजेने बसरा घेतले. तिथून पुढे कुतचा वेढा आणि १९१७ साली बगदाद, असा तो इतिहास. दुसऱ्या महायुद्धात, एप्रिल १९४१ मध्ये, हिंदी फौज पुन्हा बसऱ्याला उतरली. दोन्ही लढायांतले बसरा एकच. घरात नुसते बसरा हे नाव राहिले आणि लढाई बदलली.

मग मी, विहारातला एक तरुण शिक्षक आणि मावशीचा मुलगा असे तिघे त्या फ्रेमसमोर बसलो. फ्रेम उघडू द्यायला मावशी तयार नव्हती. "कागद जुना हाय, फाटून जाईन," म्हणाली. तेव्हा काचेतून जेवढे दिसते तेवढ्यावरच काम. पुढे कार्डाची पत्त्याची बाजू होती. तिकीट नव्हते. वरच्या कोपऱ्यात इंग्रजीत 'ऑन ॲक्टिव्ह सर्व्हिस', म्हणजे 'युद्धसेवेवर', असे लिहिलेले. शिक्क्यातला आकडा बराचसा वाचता येई. तारखेतला दिवस आणि महिना दिसे, वर्षाच्या जागी मात्र शाईचा नुसता डाग.

पहिला धागा पत्त्यातच मिळाला. रामटेकच्या पुढे लिहिले होते, 'जि. नागपूर, सी.पी.' तुमच्या घरी तारीख पुसलेले जुने पत्र असेल, तर ही युक्ती तुम्हालाही उपयोगी पडेल. आपला नागपूर जिल्हा जागचा हलला नाही, पण त्याचे राज्य वारंवार बदलले. सी.पी. म्हणजे मध्य प्रांत. २६ जानेवारी १९५० पासून आपण मध्य प्रदेशात होतो आणि नागपूर त्याची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात गेलो. १ मे १९६० ला महाराष्ट्रात आलो. म्हणजे पत्त्यावर म.प्र. असेल तर पत्र बहुधा १९५० ते ५६ मधले, मुंबई राज्य असेल तर १९५६ ते ६० मधले. सहा आकडी पिनकोड असेल तर ते १९७२ नंतरचे, कारण पिनकोड त्या वर्षी १५ ऑगस्टला सुरू झाला. तिकिटावर 'नये पैसे' असतील तर १९५७ च्या अलीकडचे. एखाद्या तिकिटावर 'भारतीय संरक्षा कटक कोरिया' असे देवनागरीत छापलेले दिसले तर ते जपून ठेवा. १९५३ साली कोरियात युद्धकैद्यांची व्यवस्था पाहायला गेलेल्या आपल्या फौजेसाठी ती तिकिटे काढली होती.

तर सी.पी.वरून कार्ड १९५० च्या आधीचे ठरले.

दुसरा धागा पलटणीचा. डाव्या बाजूला पाठविणाऱ्याचा नंबर, नाव आणि 'दुसरी महार' असे होते. हा शब्द फार महत्त्वाचा. आपल्या लोकांची भरती इंग्रजांनी १८९० नंतरच्या काळात बंद केली, हे आपण सर्व जाणतो. त्याविरुद्ध १८९४ साली गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला, १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी केला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली '१११ महार' ही पलटण उभी राहिली आणि गरज संपताच चार-पाच वर्षांत मोडली गेली. बाबासाहेबांनी सरकारकडे हा प्रश्न लावून धरला. १९४१ साली ते संरक्षण सल्लागार समितीवर होते. त्याच वर्षी भरतीला मंजुरी मिळाली आणि ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी बटालियन कुठे उभी राहिली? आपल्या कामठीला! रामटेकच्या पोराने 'दुसरी महार' लिहिले यात नवल ते काय? कार्ड पहिल्या महायुद्धातले असते तर तिथे १११ हा आकडा असता. म्हणजे कार्ड १९४१ नंतरचे.

तिसरा धागा, जे नाही त्याचा. युद्धकाळात सैनिकाचे पत्र आधी अधिकारी वाचत. ठिकाण किंवा फौजेची हालचाल लिहिली असेल तर ते खोडत आणि मग सेन्सरचा शिक्का मारत. या कार्डावर तो शिक्का नव्हता. १९४५ साली युद्ध संपल्यावर ही तपासणी उठली. शिवाय ऑक्टोबर १९४६ मध्ये रेजिमेंटचे मशीनगन रेजिमेंट झाले, नाव आणि टोपीचा बिल्लाही बदलला. कार्डावर 'मशीनगन' शब्द नाही. हे पुरावे कच्चे आहेत, कारण शिक्का मारायचा राहूनही जातो आणि जुने नाव लिहिण्याची सवयही असते. पण सगळे बोट एकाच वर्षाकडे दाखवीत होते, १९४६.

मग प्रश्न आला, युद्ध तर १९४५ ला संपले, मग १९४६ साली हा शिपाई बसऱ्याकडे काय करीत होता? उत्तर रेजिमेंटच्या इतिहासात आहे. पहिली आणि तिसरी बटालियन वायव्य सरहद्दीवर होत्या. दुसरी ब्रह्मदेशात लढली आणि युद्ध संपल्यानंतर इराकमध्ये होती. म्हणजे 'बसरा' ही घरची आठवण खोटी नव्हती. चुकला होता फक्त माझा फलक. खात्रीसाठी शिक्क्यातला आकडा आणि महिना नागपूरला लष्करी टपालाचा संग्रह करणाऱ्या एका गृहस्थांना कळविला. त्यांच्या यादीतही ते ऑफिस त्या सुमारास इराकमध्येच निघाले.

हे सारे मावशीला सांगितले. वाटले, पहिल्या महायुद्धाचा मान गेला म्हणून घरची मंडळी नाराज होतील. मुलगा थोडा हिरमुसलाही. मावशी मात्र म्हणाली, "मंग तं खोला ते. आता मलेबी पाहाचं हाय." कार्डाच्या पाठीमागे काय आहे हे तिने कधी पाहिलेच नव्हते. फ्रेम तिच्या वडिलांनीच पुढे नागपूरहून करून आणली होती. पलटणीचे नाव दिसावे म्हणून त्यांनी पत्त्याची बाजू पुढे ठेवली. धाकटा भाऊ वारल्यावर तिने ती माहेरहून आणली आणि तशीच भिंतीला लावली.

खिळे हलक्या हाताने काढले. मागे पेन्सिलीने लिहिलेला मजकूर होता, फिका पण वाचता येण्याजोगा. वर तारीख होती आणि सन स्वच्छ होते, ४६. आम्ही पंधरा दिवस डोके खाजवत होतो आणि उत्तर पाठीमागे तयार होते! मावशीची पणती आठवीत आहे. तिने ते मोठ्याने वाचले. घरच्यांच्या परवानगीने देतो:

"दादास जयभीम. मी खुशाल आहे. हे कार्ड मी माझ्या हाताने लिहिले आहे, हवालदाराने शिकविले. मनिऑर्डर पोचली का कळवावे. पोरीला शाळेत घालावे, पाटीचे पैसे मनिऑर्डरीत आहेत. इकडे खजूर फार आहे. आईला सांभाळावे."

खोलीत कोणी बोलले नाही. मावशी अंगठा उठविणारी बाई आहे. तिने जन्मभर विड्या वळल्या. पणतीला म्हणाली, "अखीन एकडाव वाच." पणतीने पुन्हा वाचले. मग मावशीच सांगू लागली. कार्ड आले तेव्हा काका मनसरच्या खाणीत कामाला होता. त्याने ते कोणाकडून तरी वाचून घेतले आणि घरी सांगितले, बाप खुशाल आहे, पैसे येतील. पाटीचे कोणी बोलले नाही. त्याच साली तिची आई हैज्याने गेली. धाकटा भाऊ तिच्या कडेवर आला. पुढच्या वर्षी बाप परतला, तेव्हा शाळेचे वय आणि वेळ दोन्ही निघून गेले होते. दोन-तीन वर्षांत लग्न झाले. "बाप अन् काका मंग लय दिवस बोलत नोयते. मले वाटे, वावराचं भांडन हाय," एवढे बोलून ती थांबली.

भांडण पाटीचेच होते असे मी म्हणत नाही. काकाकडेही एकट्याच्या मजुरीवर दोन चुली होत्या, ते पैसे कशात गेले असतील हे आपल्यातल्या कोणालाही समजेल. दोघेही आज नाहीत. पण एक गोष्ट त्या कार्डावर स्पष्ट लिहिलेली आहे. परमुलखातल्या एका शिपायाला स्वतःला अक्षर आले आणि त्याने पहिला विचार केला तो मुलीच्या पाटीचा. आणि त्याने वर 'जयभीम' लिहिले आहे. कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनी हे अभिवादन रूढ केले असे आपण मानतो. ते १९३९ साली गेले. त्यांच्यामागे सात वर्षांतच त्यांचा शब्द इराकहून रामटेकला पोस्टाने आला.

वाचकहो, या कागदांची मला एवढी काळजी का, तेही सांगतो. बसऱ्याला पहिल्या महायुद्धाचे स्मारक आहे. ज्यांची कबर ठाऊक नाही अशा चाळीस हजारांहून अधिक मृतांसाठी ते उभारले. त्यात हिंदुस्थानचे शिपाई सर्वांत जास्त. पण त्या दगडावर गोऱ्या शिपायाचे नाव कोरले आणि आपल्याकडच्या साध्या शिपायांचा पलटणवार नुसता आकडा लिहिला. स्मारके सांभाळणाऱ्या संस्थेने २०२१ च्या अहवालात असा भेदभाव झाल्याचे मान्य केले. कोरेगावच्या स्तंभावर २२ महार शिपायांची नावे कोरलेली आहेत, म्हणून तर आपण तिथे जाऊन उभे राहू शकतो. आकड्यासमोर कोण उभा राहील? सरकारी दगडावर नाव नसेल, तर ते पेटीतल्या कार्डावर तरी आहे. तेही चुलीत गेले की माणूस पुसला गेला.

म्हणून काही गोष्टी कळकळीने सांगतो.

पेटीत, माळ्यावर, फोटोच्या मागे जुने कार्ड सापडले तर दोन्ही बाजूंचा मोबाईलवर स्वच्छ उजेडात फोटो काढा. नुसता पुढचा भाग पाहून माझ्यासारखे फसू नका. तिकीट कापून घेऊ नका, शिक्का त्याच्याबरोबर जातो. लॅमिनेशन करू नका आणि चिकटपट्टी लावू नका. कागद जगावा म्हणून आपण हे करतो, पण पुढे कागद त्यानेच खराब होतो. साध्या स्वच्छ कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. कार्डावर पेनाने काही लिहू नका. माहिती वेगळ्या कागदावर लिहा, आणि ती कोणी कधी सांगितली तेही लिहा. सैनिकाचा नंबर सर्वांत मोलाचा, कारण पलटणीकडे चौकशी करायची तर आधी तोच विचारतात. मूळ कागद कोणालाही देऊ नका, मलाही नाही. आणि घरात म्हातारे माणूस असेल तर आजच जवळ बसून विचारा, "तू तेव्हा केवढी होतीस?" या एका प्रश्नाने माझी तीन वर्षांची चूक उघडी पाडली.

यंदाच्या १ जानेवारीला विहारात मी उभा राहिलो आणि चूक सांगितली. फलकावरची ओळ आता अशी आहे, 'महार रेजिमेंट, दुसरी बटालियन, इराक, १९४६'. टाळ्या आधीपेक्षा कमी पडल्या. चालेल. ओळ खरी आहे.

फ्रेम परत लावताना मावशीच्या मुलाने विचारले, "माय, कोनती बाजू पुढं ठेवू?" ती म्हणाली, "लिवल्याली." पत्त्याच्या बाजूचा फोटो आम्ही मागे लावून दिला. पणती शाळेतून आली की आता रोज संध्याकाळी ते कार्ड वाचून दाखवते असे कळले. मावशीला ते पाठ झाले आहे, तरी ती वाचायला लावते.